लाइट लागला, ओटीपी सांगा

निवृत्तीच्या आधीची शेवटची आठ-दहा वर्षं मी बँकेत समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य बजावत होते. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही, साक्षात गणपती बोलतोय म्हणाला तरी नाही. आणि यंदा मे महिन्यात, डोंबिवलीतल्या माझ्याच घरात, चपलांच्या स्टँडवर एक पाय ठेवून उभा असलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा मला म्हणाला, “काकू, लाइट लागला. ओटीपी सांगा, काम क्लोज करतो.”

काम होतं घरात इंटरनेट बसवण्याचं. अकरा वाजून दहा मिनिटांनी आला होता, अकरा बत्तीसला ओटीपी मागत होता. तेवढ्या वेळात भिंतीला भोक पडलं, जिन्यातून फायबर आत आली, तिच्या टोकाला हिरवा कनेक्टर लागला, दाराच्या चौकटीवर दोन स्क्रू बसले आणि त्यांवर डबा लटकला. लाल लाइट विझून हिरवा लागला. मग त्याने आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, “काका, तुमचा मोबाइल नंबर?”

अर्ज माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, दार मी उघडलेलं. नंबर मात्र काकांचा. काकांनी सांगितला आणि तोच वायफायचा पासवर्ड झाला. नेटवर्कचं नाव काय ठेवलं? आमचं आडनाव, त्याला चिकटून फ्लॅटचा नंबर. नवऱ्याने तो पासवर्ड कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या खाड्यांखाली लिहून ठेवला. स्वतःचाच मोबाइल नंबर, विसरायला नको म्हणून!

“आणि ॲडमिनचा पासवर्ड?” मी विचारलं.

पोराने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “तो कशाला लागतो काकू? तो कंपनीकडे असतो.”

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशमध्ये. स्ट्राँगरूमला दोन चाव्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय दार उघडत नाही. चावी एका हातातून दुसऱ्या हातात गेली की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. डुप्लिकेट चाव्या सीलबंद होऊन दुसऱ्या शाखेत. हा सगळा जाच मी रोज केला आणि रोज कुरकुरले. पण चावी कुणाकडे आहे, या प्रश्नाला “ती असते कुणाकडे तरी” असं उत्तर देणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळायचा. इथे तेच उत्तर कंपनीचं धोरण आहे, आणि वर ते ऐकून मी पाच स्टार द्यायचे आहेत.

आधी डब्याचं शरीरशास्त्र उरकून घेऊ. लोक त्याला मोडेम म्हणतात, राउटर म्हणतात, वायफायचा डबा म्हणतात. तिन्ही नावं अर्धवट खरी आहेत, कारण एकाच डब्यात तीन नोकर कोंबलेले असतात. एक फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. दुसरा बाहेरून आलेलं टपाल घरातल्या योग्य उपकरणाकडे पोचवतो. तिसरा ते टपाल हवेतून फेकतो. या घराला कुलपं दोन. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराचं लॅच. घरात कोण शिरणार ते त्याने ठरतं. ॲडमिनचा पासवर्ड म्हणजे कुलूपवाल्याची पेटी. तो ज्याच्या हातात, तो लॅच बदलू शकतो, खिडकी पाडू शकतो, आणि तुमचं सगळं टपाल भलत्याच पत्त्यावरून वळवू शकतो. आपल्याकडे पहिल्या कुलपाला मोबाइल नंबर लावतात आणि दुसरं अस्तित्वात आहे हेच सांगत नाहीत.

त्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून डबा काढला. पालथा केला. खाली पांढरं लेबल, मुंगीच्या अक्षरात: १९२.१६८.१.१, युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. आधी वाटलं चष्म्याचा दोष असेल. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, दोन्हीकडे ॲडमिन लिहिलं, आणि पहिल्याच फटक्यात दार सताड उघडलं. १९२.१६८ हा काही गुप्त पत्ता नव्हे. १९९० च्या दशकापासून तो खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेला आहे. प्रत्येक चाळीत ‘खोली नंबर १’ असते, तसा लाखो घरांत हाच पत्ता असतो. म्हणजे पत्ता सर्वांना माहीत, नाव सर्वांना माहीत, पासवर्ड म्हणजे तेच नाव. तिजोरीच्या कडीला चावी लटकवायची आणि ‘चावी इथे आहे’ अशी पाटीही लावायची, त्यातला हा प्रकार.

आणि एवढं करूनही मला मिळाला तो अर्धाच ताबा. वायफायचं नाव बदला, पासवर्ड बदला, असल्या घरगुती बदलांची मुभा होती. दूरदेखभालीचं पान मात्र करड्या रंगात, बोट आपटलं तरी हलेना. ती खरी चावी, तिचं युजरनेम वेगळं, आणि ती ‘कंपनीकडे असते’. थोडक्यात, चोराला पुरेल एवढी चावी लेबलवर छापलेली, आणि मालकिणीला हवी असलेली चावी मालकिणीलाच नाही.

मी ग्राहकसेवेला फोन लावला. माझा कॉल त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे अकरा मिनिटं ऐकल्यावर एक नम्र मुलगा आला.

“मॅम, कोणता लाइट लाल दिसतोय?”

“एकही नाही. मला माझ्या डब्याचा ॲडमिन पासवर्ड हवाय.”

“ती पॉलिसी नाही मॅम.”

“मग तो कुणाकडे असतो?”

“बॅकएंड टीमकडे.”

“बॅकएंड टीम म्हणजे कोण?”

“बॅकएंड टीम, मॅम.”

“ते माझ्या डब्यात कधी शिरले, काय बदललं, याची नोंद मला मिळेल?”

थोडा वेळ शांतता. मग: “मॅम, तुमचं नेट चालू आहे ना?”

हाच या धंद्याचा मूलमंत्र आहे. नेट चालू आहे ना? मग गप्प बसा.

कुणी म्हणेल, काकू, कंपनी तरी काय करणार, ग्राहकच अडाणी. हा बचाव मी मुळीच मान्य करत नाही. कारखान्यातून डबा निघतो तेव्हा त्यात जे भरलेलं असतं, ते पावसासारखं आभाळातून पडत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ते ठरवलेलं असतं. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबरच का? कारण ग्राहक तो विसरणार नाही. विसरला नाही की ग्राहकसेवेला फोन करणार नाही, फोन केला नाही की पोराला पुन्हा पाठवावं लागणार नाही. विसराळूपणाचा खर्च कंपनीने वाचवला आणि धोक्याचा खर्च माझ्या खात्यात नावे टाकला. व्हाउचर नाही, सही नाही. बँकेत अशा नोंदीला आम्ही अफरातफर म्हणायचो.

धोका म्हणजे किती, तेही हिशोबाने सांगते. बडबड मला जमत नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून जास्तीत जास्त ४०० कोटी नंबर. वायफायला फोन जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती कुणी टिपून घेतली, तर पुढचा प्रयत्न त्याला आपल्या घरी बसून करता येतो, तुमच्या डब्याला पत्ताही न लागता. गेम खेळायच्या महागड्या ग्राफिक्स कार्डाचा एक संगणक सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड पडताळून बघू शकतो. भागाकार करा: ४,००० सेकंद. एक तास सात मिनिटं. जाहिरातींसकट तीन मालिका बघून होण्याआधी.

याउलट, काही अर्थ न लागणारी बारा छोटी इंग्रजी अक्षरं घ्या. त्याच संगणकाला सगळ्या जुळण्या तपासायला तीन हजार वर्षं लागतील. एक तास आणि तीन हजार वर्षं, यांतला फरक म्हणजे त्या पोराची फार तर दोन मिनिटं. ती कंपनीने त्याला दिलेली नाहीत.

आणि आमच्या सोसायटीत तर ४०० कोटींचीही गरज नाही. ४८ फ्लॅट, ४८ नंबर, सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी हजर. नेटवर्कच्या नावात आडनाव आणि फ्लॅट नंबर आहेच. म्हणजे कुलपावर घरमालकाचं नाव कोरलेलं आणि चाव्यांची यादी नोटीस बोर्डावर.

डब्याच्या पाठीवर एक छोटं बटण असतं, डब्ल्यूपीएस लिहिलेलं. पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांची सोय. त्याला एक आठ आकडी पिनही असतो. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता, असं आपल्यासारख्यांना वाटतं. पण शेवटचा आकडा हा पडताळणीचा आकडा असतो. आधीच्या सातांवरून तो गणिताने निघतो, अगदी आमच्या बँकेतल्या चेक डिजिटसारखा. आणि त्याहून भारी म्हणजे डबा पिनचे पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि बरोबर की चूक ते लगेच सांगून टाकतो. मग उरलं काय? १०,००० अधिक १,०००. फक्त ११,००० प्रयत्न. हे भगदाड डिसेंबर २०११ मध्ये जगजाहीर झालं. माझ्या कोऱ्या करकरीत डब्यावर डब्ल्यूपीएस चालूच होतं. ज्या शाखेत खोटी नोट सापडल्यावर इतक्या वर्षांनीही ती काउंटरवर फिरत असेल, त्या शाखेचा मॅनेजर खुर्चीवर राहील का?

हे सगळं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगायला गेले. ते हसले. “अहो वहिनी, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?”

हे वाक्य मी इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की त्याचं मला आता वेड लागायचं बाकी आहे. अहो, तुमचं काही चोरायचंच नसतं कुणाला. तुमचे सत्यनारायणाचे फोटो कुणाला हवेत? त्यांना हवा असतो तुमचा पत्ता.

२००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तर तो थेट नवी मुंबईत, सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या घरच्या इंटरनेटपर्यंत. त्या गृहस्थाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच्या वायफायचा कुणीतरी बाहेरून उपयोग केला होता. तरी एटीएसच्या चौकशीला तोंड त्यालाच द्यावं लागलं. दोन महिने होत नाहीत तोच १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, आणि त्या वेळचा ईमेल निघाला चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या उघड्या वायफायवरून. मग धावपळ. २००९ उजाडताच मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय हुडकत फिरायची मोहीम जाहीर केली, दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. सानपाडा आमच्या डोंबिवलीपासून किती लांब आहे, सेक्रेटरीसाहेब? त्या माणसाकडेही चोरण्यासारखं काही नव्हतं. त्याचं दार वापरलं, एवढंच.

दुसरी गोष्ट २०१६ ची. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागला. तो काही चतुराई करत नव्हता. त्याच्याकडे साठेक जोड्यांची यादी होती: ॲडमिन-ॲडमिन, रूट-रूट, याच थाटाच्या. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर, जे सापडेल त्याच्या दारावर टकटक करायची आणि यादी म्हणून दाखवायची. इतकी लाखो दारं उघडली की त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या उपकरणांच्या झुंडीने एका मोठ्या अमेरिकन सेवेला लोळवलं आणि तिच्यावर विसंबलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तासन्‌तास कोलमडल्या. आणि हे अवजार घडवणारी टाळकी कोण? माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातली विशीतली अमेरिकन पोरं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आता आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय असेल, ओळखा. चोर पकडायला ४० हजारांचे कॅमेरे लावले आणि कॅमेऱ्यांनाच कडी नाही.

त्याच २०१६ च्या नोव्हेंबरच्या शेवटी जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर गडगडले. हल्लेखोर शिरू बघत होते ते दूरदेखभालीच्या दारातून. हे दार म्हणजे माझ्या डब्यातलं तेच करड्या रंगातलं पान. २००४ मध्ये याचं एक मानक ठरलं, त्यामुळे कंपनीला आपल्या कचेरीत बसून ग्राहकाच्या डब्यातल्या सेटिंग बदलता येतात, नवं सॉफ्टवेअर चढवता येतं. सोय चांगली आहे. दर वेळी पोराला जिने चढायला लावण्यापेक्षा नक्कीच बरी. माझी हरकत दाराला नाही. दारातून कोण आलं, कधी आलं, काय करून गेलं याचं रजिस्टर नाही, याला आहे. माझ्या लॉकरला बँकेचीही चावी लागते, पण ती लागल्याची वेळ आणि माझी सही वहीत असते.

आमच्या घरी पहिला ब्रॉडबँड आला तो २००५ नंतर लगेच, टेलिफोनच्या तारेवरून. लाइनमन पांढरा स्प्लिटर घेऊन आला होता, एका भोकात फोन, दुसऱ्यात मोडेम. व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ हे आकडे त्याने माझ्या हातावर मंत्र दिल्यासारखे ठेवले होते. सरकारी व्याख्येनुसार तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. आज माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, म्हणजे जवळपास चारशेपट. तारेची फायबर झाली, खाकीचा टी-शर्ट झाला, पावतीचा ओटीपी झाला. डब्याखालचं ॲडमिन-ॲडमिन मात्र तसंच.

आणि हो, रेंज. आमच्या मागच्या खोलीत सासूबाई असतात, वय ८६. नातवाशी व्हिडिओवर बोलताना त्याचं तोंड निम्म्या वाक्यात गोठतं आणि त्या घाबरतात. तक्रार केली, तर फोनवरून सल्ला मिळाला: रिपीटर घ्या, दोन हजारांचा. डबा घराच्या एका टोकाला, दारावर, मीटरच्या पत्र्याच्या पेटीला टेकून का लावलाय? तर तिथून फायबर कमी लागते. कंपनीचे चार मीटर वाचवायला मी दोन हजार घालायचे! शिवाय त्या साध्या रिपीटरला ऐकायचं आणि बोलायचं एकाच वाहिनीवर, म्हणजे वेग निम्म्यावर.

मी फोनवर वायफायची यादी उघडली. हॉलमध्ये बसून ३१ नेटवर्क दिसली. जुन्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या, पण त्या एकमेकींच्या अंगावर रेललेल्या असतात. एकमेकींना धक्का न लावता नांदणाऱ्या फक्त तीन: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे निम्म्याहून अधिक डबे ६ वर कोंबलेले, शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुणगुणणारा. सकाळी ८.१४ च्या लोकलला दोन डबे रिकामे असताना सगळ्यांनी तिसऱ्याच डब्यात घुसावं, तसं. मी ११ निवडला, आणि लांब फायबर मागवून डबा पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर आणला. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा भिंती फार ओलांडत नाही, म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप त्यावर, सासूबाईंचा टॅब २.४ वर. नातवाचं तोंड गोठायचं थांबलं. खर्च: फायबरच्या तुकड्याचे शंभर-दीडशे रुपये.

उरलेली कामं त्याच संध्याकाळी केली. ॲडमिनचा पासवर्ड बदलला. वायफायला नाव दिलं ते आडनाव नसलेलं, फ्लॅट नसलेलं. पासवर्ड केला एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या पाच मराठी शब्दांचा, रोमन अक्षरांत. किसणी, पाणबुडी, उधारी या जातीचे. सुरक्षेच्या रकान्यात जुनी मिसळ निवडलेली होती, तिथे निखळ डब्ल्यूपीए-२ केलं. डब्यात डब्ल्यूपीए-३ असेल तर ते घ्या. डब्ल्यूपीएस बंद. पाहुण्यांसाठी आणि टीव्हीसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क. सॉफ्टवेअरचं अपडेट आहे का ते तपासलं. आणि सगळं फसलं तर? मागच्या बारीक भोकात साडीची पिन दहा सेकंद दाबली की डबा जन्माला आला तसा होतो. पण त्याआधी कंपनीच्या जोडणीचं युजरनेम-पासवर्ड कागदावर मागून घ्या, नाहीतर नुसता हिरवा लाइट बघत बसाल. चहा गार होण्याआधी एवढं सगळं आटपलं. मी संगणकाची पदवीधर नाही. कॅशियर होते.

म्हणून आता बायकांना आणि निवृत्तांना ‘हे तुम्हाला नाही जमणार’ म्हणणाऱ्यांचं कौतुक पुरे. घरोघरीच्या पुरुषांनाही ते जमलेलं नाही. त्यांचं या डब्याविषयीचं समग्र ज्ञान ‘बंद करून चालू कर’ या चार शब्दांत मावतं, आणि तेही ते खुर्चीतून न उठता दुसऱ्याला सांगतात. सेफ्टी डोअर, वरची कडी, खालची कडी, पीपहोल, रात्री झोपताना गॅस दोनदा बघणं; आणि इथे घरातल्या सगळ्यांची बँकेची पासबुकं ज्या दारातून जातात ते दार नुसतं ओढून घेतलेलं.

पण ग्राहकाने शहाणं व्हावं, यावर हा लेख संपवला तर कंपन्या मिठाई वाटतील. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून सरसकट एकच पासवर्ड घालून जोडणीची उपकरणं विकायला बंदी आणली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तसाच कायदा लागू आहे. वर उत्पादकाला हेही सांगावं लागतं की सुरक्षेची अपडेट किती काळ मिळतील. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांना चाचणी-प्रमाणपत्राची सक्ती आहे. पण ते प्रमाणपत्र बाजारात यायच्या वेळी तपासलं जातं, माझ्या उंबरठ्यावर नाही. बँकेची तिजोरीही प्रमाणितच असते. म्हणून काही आम्ही चावी तिच्यातच ठेवून घरी जात नव्हतो.

माझी मागणी कागदाच्या एका पानाची आहे. जोडणीच्या फॉर्मवर चार चौकोन: ॲडमिन पासवर्ड ग्राहकासमोर बदलला. वायफायचा पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाइप केला. डब्ल्यूपीएस बंद केलं. कंपनीची दूरदेखभाल काय करते ते सांगितलं, आणि तिची नोंद ग्राहकाला ॲपमध्ये दिसेल. चारही चौकोनांवर खूण झाल्यावरच ओटीपी मागायचा.

पहिल्या दिवशी मी ओटीपी देऊन टाकला, हे कबूल करते. “काकू, अजून सहा कनेक्शन आहेत,” तो म्हणाला होता. काम क्लोज झाल्याशिवाय त्याचे पैसे पडत नाहीत. कंपनीने हुशारीने माझ्या आणि तिच्या मध्ये एका गरजू पोराला उभं केलं आहे. भांडायचं तर त्याच्या पोटावर पाय देऊन भांडा.

जूनमध्ये रस्ता खोदताना फायबर तुटली. दुरुस्तीला तोच पोरगा आला, आणि डबाही जुना मॉडेल म्हणून बदलून गेला. नवा डबा, हिरवा लाइट. “काका, मोबाइल नंबर?” त्याने सवयीने विचारलं. मी नवऱ्याच्या हातातलं शब्दकोडं काढून घेतलं, म्हटलं, तुम्ही एक अक्षर बोलू नका. पोराला स्टूल दिलं, चहा दिला आणि सांगितलं, ओटीपी माझ्याकडे आहे, आधी ही चार कामं. कुरकुरत बसला. घड्याळ लावून सात मिनिटं लागली. डब्ल्यूपीएस कुठे बंद होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. ते मी दाखवलं.

ओटीपी टाकल्यावर त्याच्या ॲपने विचारलं, उशिराचं कारण? त्याने फोन माझ्याकडे वळवला. तीन पर्याय होते: ‘ग्राहक घरी नव्हता’, ‘वीज नव्हती’, ‘ग्राहकाचे असहकार्य’. त्याने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं, आणि ओशाळून तिसऱ्यावर बोट ठेवलं.